जी वस्ती फक्त पोलिसांच्या प्रेसनोटमधून पेपरात येते, तिच्या बातम्या करायच्या कशा?

हर्सूलची_वार्ताहर

छत्रपती संभाजीनगरात एका मराठी दैनिकाच्या शहर आवृत्तीत काम करते. पेपरचं नाव सांगत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्याकडं क्राइम आणि घाटी दवाखाना. सकाळी पोलिसांच्या ग्रुपवर प्रेसनोट पडते, दुपारी घाटीत चक्कर, संध्याकाळी टायपिंग आणि रात्री पान सोडायची घाई. यातून वेळ काढून काही वेगळं करायचं म्हटलं की डेस्कचा पहिला प्रश्न, "आज कामून? आज काय घडलं तिथं?"

नारेगावच्या अंगाला मोकळ्या जागेवर पालं आहेत. वैदू, मसणजोगी, थोडे घिसाडी. तिथल्या पोरांना शाळेत घालायला गेलं की जन्माचा दाखला मागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे बातमीत लिहिलं होतं. बातमी आली आतल्या पानावर, एक कॉलम, कलमाचा परिच्छेद कापून. त्याच आठवड्यात एका चोरीची बातमी चार कॉलम. आरोपी दोघंच, पण मथळ्यात त्यांच्या जातीचं नाव आणि त्याला जोडून 'टोळी'. मथळा डेस्कनं दिलेला. पालावर पुन्हा गेले तर एक म्हातारी म्हणाली, "तुमी पोलिसासंगंच येता माय. मंग तुमचं अन् त्यांचं काय येगळं?"

मला भाषण नको, कामाचं सांगा. अशा वस्तीतून बातमी काढायची कुठून, डेस्कच्या गळी उतरवायची कशी, आणि त्या म्हातारीला सांगायचं काय?

जुना_डेस्कवाला (जालना)

ताई, तीस-एक वर्षं डेस्कवर काढली आणि आता घरी बसून इतरांच्या मथळ्यांना नावं ठेवतो. डेस्क जात बघून बातमी कापतो असं दर वेळी नसतं. तो कागद बघतो. चोरीच्या बातमीला गुन्हा नंबर असतो, कलम असतं, फौजदाराचं नाव असतं. तुमच्या बातमीला काय होतं? 'नागरिकांनी सांगितलं.' रात्री नऊ वाजता पान भरणारा माणूस ज्याला कागद आहे ते ठेवतो आणि ज्याला नाही ते कापतो. आता कागद फक्त पोलीसच फुकट आणि रोजच्या रोज देतात, म्हणून ज्या वस्तीशी पोलिसांचा संबंध येतो ती वस्ती गुन्ह्याच्या रकान्यातच राहते. यात कुणाचा कट नाही. आळस आहे, आणि आळस कटापेक्षा चिवट.

तेव्हा पोलीस ठाण्याच्या जोडीला दुसरी खाती धरा. रेशन दुकान, महापालिकेचं झोन ऑफिस, पंचायत समितीचा शिक्षण विभाग, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याचं कार्यालय, जिथं जातीचे दाखले निघतात. तुमची शाळेची बातमी खरं तर या दाखल्याच्या बातमीचं शेपूट आहे.

दाखल्यासाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ चा, आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ चा. आता मला सांगा, ज्याचा आजा १९६१ साली गाढवावर बिऱ्हाड लादून परतूर ते सेलू फिरत होता, त्याच्या वास्तव्याचा पुरावा कुठल्या गावात असणार? कागद नसेल तर गृहचौकशी, म्हणजे वस्तीवर जाऊन चौकशी, करून दाखला देण्याची सोय आहे. ती किती जणांसाठी झाली? माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. गेल्या पाच वर्षांत तुमच्या तालुक्यात भटक्या जमातींचे अर्ज किती आले, किती फेटाळले, त्रुटी काढून किती परत पाठवले, गृहचौकशी किती ठिकाणी झाली. उत्तर आलं की तुमच्याकडं शिक्क्याचा कागद आला. मग डेस्क कापून दाखवू दे.

आणखी एक. दोन-तीन वर्षं मराठवाड्यातली सगळी पेपरं हैदराबाद गॅझेटियर आणि निजामकाळातल्या नोंदींनी भरलेली आहेत. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, २ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय निघाला, मागोमाग बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. या विषयाला जागा मिळते हे सिद्ध झालंय. त्याच जुन्या दप्तरात ज्यांचं शेत नाही, सातबारा नाही, खासरा पत्रकात नाव नाही, त्यांचं काय, एवढा एक प्रश्न पुढं ढकलायचाय. 'आज कामून' याचं उत्तर यात आहे.

मथळ्याबद्दल म्हणाल तर भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की जातीला कमीपणा येईल अशा रीतीनं जातीचा उल्लेख टाळावा. परिषद दंड करू शकत नाही, फार तर ताशेरे मारते, आणि टीव्ही-यूट्यूब तिच्या कक्षेत नाहीत. पण तक्रार कुणालाही करता येते. आधी संपादकाला लेखी कळवायचं. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत परिषदेकडं जायचं. तुम्ही करू नका, नोकरी जाईल. वस्तीतल्या कुणीतरी करावी.

जाहिरात_खाते

मी बातमीदार नाही, जाहिराती आणतो. १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम पुरवणी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस यावर आमचं वर्ष निघतं. पालावरच्या बातमीनं जाहिरात येत नाही, पण जातही नाही, तेव्हा मालकाचं नाव सांगून कुणी अडवत असेल तर ते खोटं समजा.

फुकटचा सल्ला देतो, सोमवारच्या अंकासाठी बातमी द्या. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, पुढाऱ्यांच्या बैठका कमी, पानं रिकामी. रविवारी दुपारी डेस्कवाल्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. तेव्हा फोटोसकट आठशे शब्द दिले तर तो पाया पडेल. हेच गुरुवारी दिलं तर दीडशे शब्द होतील.

पालावरची_वकील

अजून वकील झाले नाही, शेवटचं वर्ष आहे. मी मसणजोगी समाजातली आहे, म्हणून त्या म्हातारीच्या बाजूनं लिहिते.

३१ जानेवारी आली की सगळे पत्रकार 'मूकनायक'चा फोटो स्टेटसला लावतात. १९२० साली बाबासाहेबांनी पैसे देऊ म्हटलं तरी त्या पाक्षिकाची जाहिरातसुद्धा 'केसरी'नं छापली नव्हती, हेही दरवर्षी कुणीतरी लिहितं. मग १ फेब्रुवारीला आमच्या वस्तीची बातमी परत कुठल्या पानावर येते, ते ताईंनी वर लिहिलंच आहे.

पोलिसांच्या नोटमध्ये 'सराईत' असतं, तुम्ही ते तसंच उचलता. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून आमच्याकडं ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. त्या दिवशी कार्यक्रमाचा फोटो येतो, नेत्याच्या हारासकट. बाकी वर्षभर 'टोळी'. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं. हा खटला उभा राहिला सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या तुरुंगांवरच्या बातम्यांमुळं, आणि याचिकाही त्यांचीच होती. ताई, तुमच्याकडं क्राइम बीट आहे ना? मग ते सोडू नका. पुढच्या प्रेसनोटला विचारा की 'सराईत' म्हणजे किती गुन्ह्यांत शिक्षा झाली. शिक्षा, नुसते दाखल गुन्हे नाहीत. उत्तर नाही आलं तर तो शब्द बातमीत येऊ देऊ नका. एवढं तर तुमच्या हातात आहे.

डेस्कवाले सर, तुम्ही जुन्या दप्तराचं काढलंच आहे तर पुढचं मी सांगते. शिंदे समितीनं जे कागद तपासले त्यांत महसुलाच्या आणि शाळेच्या नोंदींबरोबर पोलिसांची आणि कारागृहांचीही जुनी रजिस्टरं होती. आमच्या लोकांचं नाव सातबाऱ्यावर नसेल, पण १९६१ च्या आधीच्या हजेरीच्या, अटकेच्या नोंदींत जातीसकट असण्याची शक्यता मोठी. माझ्या आज्याला ज्या वहीनं चोर म्हटलं तीच वही माझ्या भावाच्या दाखल्याला पुरावा म्हणून घेणार का, हा प्रश्न मला उपविभागीय अधिकाऱ्यांना विचारायचाय. मी विचारला तर 'अर्ज करा' म्हणतील. तुम्ही बूम घेऊन विचारा.

आता पालावर कसं यायचं ते. पहिल्याच दिवशी फोटोग्राफर आणू नका. पुरुष माणसं सकाळीच बाहेर पडतात आणि बाया भंगार-कचरा वेचून दुपारी परततात, तेव्हा बोलतात. पोरांची नावं आणि तोंडं छापू नका. बालन्याय कायद्याचं कलम ७४ काही प्रकरणांत तसं करायला मनाईच करतं, आणि बाकीच्या ठिकाणीही ते पोरगं उद्या शाळेत जाणार आहे हे ध्यानात ठेवा. बातमी छापून आली की पान घेऊन परत या आणि वाचून दाखवा. आमच्यात पेपर कुणी विकत घेत नाही, आमच्याबद्दल काय छापलं ते आम्हाला फौजदाराकडून कळतं.

म्हातारीला काय सांगायचं म्हणता? काही सांगू नका. पोलिसांच्या गाडीमागं न येता एकदा आपली आपण या.

गोदाकाठ_नांदेड

आदाब. मी नांदेडच्या एका उर्दू अखबारात आहे, घरी मराठी पेपरही घेतो. दोन्ही शेजारी ठेवले की वाटतं, ही दोन वेगवेगळी शहरं आहेत. आमच्यात देगलूर नाक्याच्या नाल्या, वक्फची जमीन, उर्दू शाळेतल्या रिकाम्या जागा. मराठीत त्यातलं काही नाही. आणि मराठीत शेतकरी, धरण, साखर कारखाना असतो तो आमच्यात दोन ओळीत. हे दोन्हीकडचं अपुरं आहे. आमच्या लोकांनीही फार हुशारी मारू नये. उर्दू अखबारातसुद्धा जलसा, मुशायरा आणि लीडर यांनाच जागा मिळते. छप्परबंद मुसलमान महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतात. त्यांच्या दाखल्याची बातमी आमच्याकडं कधी ठळक आल्याचं मला तरी आठवत नाही. नांदेडच्या शिकलकरी शिखांचंही तसंच, मराठी असो की उर्दू, ते येतात फक्त गुन्ह्यात.

आम्ही तीन-चार भाषांतले पाच-सहा जण एका ग्रुपवर आहोत. ज्याच्या मोहल्ल्यात जे कळतं ते तो टाकतो, ज्याला छापता येईल तो छापतो. क्रेडिटचं भांडण होतं, पण बातमी कुठंतरी येते. एकदा दुसऱ्या पेपरात आली की आपला डेस्क स्वतःच विचारतो, "हे आपल्याकडं का नाही?" डेस्कवाले साहेबांना राग येईल, पण कागदापेक्षा हे जास्त चालतं.

जुना_डेस्कवाला (जालना)

राग कसला, खरं आहे. दुसऱ्याकडं सुटलेली बातमी आम्ही दुपटीनं छापायचो.

नारेगावचंच घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले, पुढं मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. त्या कचराकोंडीवर पेपरांनी महिनोन् महिने पानं खर्च केली. दुर्गंधी, आयुक्त, कोर्ट, निविदा. नंतर कचरा चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी असा वाटला गेला. पण त्या डेपोवर वेचून पोट भरणाऱ्या बायांचं पुढं काय झालं? २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं महापालिकांना सांगितलेलं होतं. ताई, तुमची पालं नारेगावलाच आहेत. कचरावेचक म्हणून ओळखपत्र किती जणांना दिली, हा दुसरा अर्ज टाका. शिवाय भंगार वेचून बोटांच्या रेघा झिजल्या की रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, तेही त्यांच्याशी बोलताना विचारा.

हर्सूलची_वार्ताहर

सगळ्यांचे आभार. दाखल्यांचा आणि ओळखपत्रांचा असे दोन्ही अर्ज लिहून काढलेत, उद्या टाकते. 'सराईत'वाला प्रश्न आजच ग्रुपवर विचारला. अर्ध्या तासानं एका हवालदारानं अंगठा दाखवला, बाकी शांतता. आमच्या क्राइमवाल्या दादांनी फोन करून विचारलं, "कुठून शिकून आलीस?"

वकीलताई, तुमचा वहीचा प्रश्न मी नक्की विचारणार, पण तुमचं नाव न घेता. चालेल ना?

एक अडचण आहे. निजामकाळातली रजिस्टरं उर्दूत आहेत. मला वाचता येत नाही, आमच्या ऑफिसातही कुणाला येत नाही. भाईजान, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?

पालावरची_वकील

नाव घेतलं तरी चालेल, पण निकाल लागल्यावर. परीक्षा आहे.

गोदाकाठ_नांदेड

आहेत ना. उर्दू शाळेतले रिटायर्ड मास्तर शोधा, तुमच्याकडं रोशन गेट-शहागंजात दहा मिळतील. पण घसटत लिहिलेला शिकस्ता सगळ्यांना लागत नाही, आधी एक पान दाखवून बघा. रेकॉर्ड रूममध्ये मोबाइलनं फोटो काढू देत नाहीत, म्हणून आधी नक्कलेचा अर्ज करा, शिक्क्याची प्रत घ्या आणि ती मास्तरांकडं न्या. आणि वाचणावळ आधीच ठरवून घ्या ताई, तुमचा पेपर ते पैसे देणार नाही. आमचाही देत नाही.