मुलांची बद्धकोष्ठता: पावडर महिनोन्‌महिने द्यायची की आधी खाणं सुधारायचं?

गिरगावकर: मुलाला कडक शी होते म्हटलं की बालरोगतज्ज्ञ पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर लिहून देतात, वर दोन-तीन महिने थांबवू नका म्हणतात. हे पटत नाही. पालेभाजी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, पाणी, हे आधी. औषधावर पोट चालवायची सवय इतक्या लहानपणी का लावायची?

ओपीडी_परळ: या पावडरीची सवय लागत नाही. ती आतड्यातून जवळजवळ शोषली जात नाही, फक्त शीमध्ये पाणी धरून ठेवते.
मूळ दुखणं भीतीचं आहे. एकदा कडक शी होऊन चीर पडली की मूल रोखून धरतं. पाय आवळून, टाचा उचलून, पलंगाचा कठडा धरून कोपऱ्यात उभं राहतं आणि घरच्यांना वाटतं, जोर करतंय. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं ओढून घेतं, खडा होतो. गुदाशय ताणला गेला की शी लागल्याचं कळेनासं होतं. तिथे चोथा वाढवून काय होणार? मागून भर पडते. आधी साठलेलं काढायचं: किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम, 3 ते 6 दिवस. मग किलोमागे 0.4 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 15 किलोच्या मुलाला साधारण 6 ग्रॅम. हे किमान दोन महिने. त्रास पूर्ण थांबून महिना झाला की हळूहळू कमी. डोस डॉक्टरांनीच वजन बघून ठरवायचा.

सकाळपाळी: आणि सातची शाळा? साडेसहाला बस दारात. चाळीत संडासाबाहेर रांग, कुणीतरी कडी वाजवतं. शाळेतल्या संडासात मुलं जातच नाहीत. पावडर दिली तरी शी रोखलीच जाणार.

ओपीडी_परळ: म्हणून सकाळचा हट्ट नको. खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर 5-10 मिनिटं बसवा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. मोबाइल नको, ओरडणंही नको.

गिरगावकर: खडा साठला असेल तर चोथा नंतर, मान्य. पण दुधाचं कोण विचारतं? लिटरभर दूध पिणारं मूल जेवणार कधी? ते अर्ध्या लिटरवर आणल्याशिवाय नुसती पावडर लिहून देणं मला अर्धवट उपचार वाटतो.

ओपीडी_परळ: दुधाबद्दल शंभर टक्के बरोबर, ते विचारायलाच हवं. पण चड्डीला पातळ डाग लागले की जुलाब समजून पावडर बंद करतात, ते घातक. खड्याच्या कडेने पातळ शी झिरपत असते, औषध तेव्हाच सर्वात जास्त लागतं. शी व्हावी म्हणून गुदद्वारात विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी घालणं तर नकोच. भीती आणखी वाढते.
जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, पहिल्या महिन्यातच त्रास सुरू झाला, पोट फुगतं, हिरवी उलटी होते किंवा वजन वाढत नाही, यातलं काहीही असेल तर घरी पावडर चालू करू नका. तिथे आतड्याच्या नसांचा दोष किंवा थायरॉइड तपासावं लागतं. हिरवी उलटी असेल तर त्याच दिवशी दाखवा.

सकाळपाळी: फक्त अंगावर पिणारं बाळ आठवडाभर शी करत नसेल तर?

ओपीडी_परळ: महिना उलटलेला आहे, शी मऊ होते, वजन वाढतंय, पोट फुगत नाही? मग काहीच देऊ नका. एरंडेलही नको.

गिरगावकर: यावर मात्र वाद नाही.