जागलीवर आयुष्य काढलेल्यांना ‘किती तास झोपता’ हे कसं विचारावं?

घाटंजीकर
सामाजिक कार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठीपुढच्यांची झोप आणि स्मरणशक्ती हा प्रबंधाचा विषय. घाटंजी तालुक्यातली दोन गावं घेतलीत. झोपेसाठी पिट्सबर्गची प्रश्नावली वापरतेय. तिचा पहिलाच प्रश्न: गेल्या महिन्यात रात्री साधारण किती वाजता निजलात? परवा एका आबाजींनी मलाच विचारलं, “कोन्त्या हप्त्याचं सांगू पोरी? दिवसाची लाइन असली त आठले निजतो. रातची असली त मोटर चालू कराले वावरात जा लागते. अन् हरभऱ्यात डुकरं पडले का मंग जागल. डोयाले डोया लागत नाही.” त्या रकान्यात मी काय लिहू?

दुसरी गोष्ट जास्त सलतेय. शंभरातून सात-सात वजा करायचे, तारीख सांगायची, एक वाक्य लिहायचं, या चाचणीत एका आजींना फारच कमी गुण पडले. त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. पण त्याच सकाळी ओट्यावर बसून त्यांनी सात बायांच्या वेचाईचा आठवड्याचा हिशोब तोंडी केला होता. कोणी किती किलो वेचला, कोणाची उचल किती, सगळं. दिवाळी होऊन किती दिवस झाले तेही बिनचूक सांगितलं. त्यांना ‘स्मृतिऱ्हास’ गटात टाकायला माझं मन धजत नाही.

निवृत्त सिस्टर, आर्वी
बेटा, घड्याळ सोडून दे. शेवटची एसटी गेल्यावर निजले की आधी, कोंबड्याच्या आधी उठले की नंतर, लघवीला किती वेळा उठले, असं विचार. घोरतात का, श्वास मधेच अडकतो का, हे त्यांच्या घरच्या बाईला विचार. झोपलेल्याला ते कळत नाही. आणि फळीवरची गोळ्यांची पिशवी उलटी करून बघ. झोपेच्या, सर्दीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तो गोंधळतो, आणि आपण म्हणतो विसरभोळा झाला. चाचणीआधी कान आणि मोतीबिंदूही बघ. शब्द ऐकूच गेले नाहीत तर लक्षात कसे राहतील?

वर्धेकर
तुम्ही घेतलेली वजाबाकी-तारखेची चाचणी म्हणजे मिनी मेंटल, मूळ 1975 ची. निरक्षर वृद्धांसाठी तिच्यावरून ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ बेतली गेली, हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात. मार्गदर्शकांना दाखवा. लासी-डॅड या देशपातळीवरच्या वृद्धांच्या अभ्यासातही ती आहे. त्यावरून साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिऱ्हासाच्या आजाराचं, प्रमाण 7.4 टक्के अंदाजलंय. बायकांत, खेड्यांत आणि शिक्षण न मिळालेल्यांत जास्त.

झोपेबद्दल सगळे 2021 चा व्हाइटहॉल अभ्यास दाखवतात. जवळपास 8 हजार ब्रिटिश कर्मचारी, 25 वर्षं पाठपुरावा. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त निघाला. पण ती कचेरीत जाणारी माणसं. आबाजींची झोप विजेच्या फीडरच्या पाळीवर चालते. म्हणून जागलीचा वेगळा रकानाच करा: कितव्या वर्षापासून, वर्षातले किती महिने, एकटे की आळीपाळीनं. आणि एक सांभाळा. डिमेन्शिया दिसायच्या कित्येक वर्षं आधीच झोप बिघडू लागते. एकदाच केलेल्या पाहणीवरून ‘कमी झोपेमुळे विसर पडतो’ असं लिहू नका.

दारव्हा
माझे बाबा रात्री दोनला उठतात, दावं घेतात आणि कधीचाच विकलेला बैल शोधायला निघतात. आई दाराला आडवी खाट लावून तिच्यावर पडते. झोपत नाही. तिची झोप कोणी विचारली नाही ताई. मागं एक पाहणीवाले आले, कागदावर अंगठा घेऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. तुम्ही फिरून याल का?

घाटंजीकर
येईन दादा. माझ्या दोन्ही गावांत निकाल घरोघरी जाऊन सांगायचा, हे मार्गदर्शकांकडून लिहून घेतलंय. ‘रात्री सोबत कोण जागतं’ हा रकाना तुमच्या आईंमुळे जोडला. आजींची चाचणी नव्यानं घेणार.

सिस्टर, आबाजींची पिशवी पाहिली. सर्दीच्या गोळ्यांची तीन पाकिटं. जागल नसली की रात्री एक, “झोप येते म्हून.” सोमवारी त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात जातेय, पिशवीसकट.