मागे बघता बघता पुढचा कोपरा लागतो
कॅमेरा आणि सेन्सर असले की रिव्हर्स पार्किंगची काळजी नाही, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कॅमेरा बंपरच्या मागचं दाखवतो, पण घासाघीस बऱ्याचदा पुढच्या कोपऱ्याला होते. मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे कापलं की मागचा भाग उजवीकडे आत शिरतो आणि पुढचा डावा कोपरा बाहेर फेकला जातो. तेव्हा नजर स्क्रीनवर खिळलेली असते आणि खांब नेमका त्याच बाजूला असतो. आतल्या बाजूला जपायचं ते मागचं दार आणि चाकावरचा पत्रा. सेन्सरला बारीक खांब, लोंबती साखळी, बुटका कट्टा हे दर वेळी कळत नाही.

माझ्या मते खरं काम आरशांचं. दोन्ही आरसे थोडे खाली करा, मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ एकत्र दिसली पाहिजे. शेजारच्या गाड्यांपासून १ ते दीड मीटर अंतर ठेवून जागेच्या पुढे निघून जा, मगच रिव्हर्स टाका. ॲक्सिलरेटर नकोच, अर्ध्या क्लचवर, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक हलका सोडून गाडी सरकू द्या.

कोन चुकला तर मागे जाता जाता सावरायला जाऊ नका, जागा कमीच होत जाते. थांबा, चाकं सरळ करत पुढे या, मग पुन्हा मागे. गाडी रेघांना समांतर झाली की लगेच स्टिअरिंग सरळ करा; इथे उशीर झाला की शेपटी पलीकडच्या गाडीकडे जाते. इंजिन बंद करण्याआधीही चाकं सरळ आहेत ना, तेवढं बघाच.