पेनकिलर ‘जेवून घ्या’ म्हटलं की झालं?

घोडबंदरकर: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक गटातली पेनकिलर जेवून घ्या, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घ्या. एवढं पुरे. पेशंटला उगाच घाबरवू नका.

तुर्भे_ओपीडी: वाचून डोकं फिरलं. जेवून घेतल्याने जळजळ कमी होईल, अल्सर टळत नाही. औषध रक्तातून जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतं, म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही पोटाला निर्धोक नाही. तुमची अ‍ॅसिडिटीची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, जठर सांभाळेल, किडनी नाही. एपीएमसीतला माथाडी घ्या: बीपीला टेल्मिसार्टन, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, मे महिन्याचा घाम आणि वर पेनकिलर. किडनी चारही बाजूंनी कोंडीत. बीपीची गोळी कुठली, रक्त पातळ करायची चालू आहे का, आधी अल्सर झालाय का, दिवस गेलेत का, हे आधी विचारा.

नाक्यावरचा_केमिस्ट: संध्याकाळी स्टेशनची गर्दी काउंटरवर असते. एवढं विचारत बसलो तर रांग मला मारेल.

तुर्भे_ओपीडी: मग पट्टी कापताना तरी भान ठेवा. नाव आणि एक्सपायरी तुमच्याकडच्या तुकड्यावर, पेशंटच्या हातात चार निनावी गोळ्या. तो आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल घेतो, वर अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, अंग गरम वाटलं की पॅरासिटामॉल ६५०. एकाच गटाच्या दोन पेनकिलर आणि प्रत्येक वेळी ३२५+३२५+६५०, म्हणजे १३०० मिग्रॅ पॅरासिटामॉल. तीनदा घेतलं की ३९००!

नाक्यावरचा_केमिस्ट: अख्खी पट्टी दिली तर उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या गुडघ्याला जातात, ते चालतं? कंपन्यांनी नाव प्रत्येक गोळीमागे छापावं.

तुर्भे_ओपीडी: छापतील तेव्हा छापतील. तोवर पुडीवर पेनाने नाव, मिग्रॅ, एक्सपायरी लिहा. शाई एवढी महागली का?

नाक्यावरचा_केमिस्ट: लिहितो, साहेब. तुम्हीही चिठ्ठीवर नुसतं ‘एसओएस’ (गरज पडल्यास) खरडू नका. दिवसाला किती, किती दिवस, ते कोण सांगणार? मी?

तुर्भे_ओपीडी: घ्या, हा टोला बसला. ‘आयबुप्रोफेन ४००, आठ तासांच्या अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त ३, तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवा’ असं हवं. आणि नुसतं सांगायचं नाही, वदवून घ्यायचं: ‘शी डांबरासारखी काळी झाली तर काय कराल?’ उत्तर ‘गोळी बंद, लगेच दवाखाना’ आलं तरच चिठ्ठी हातात.

कळवा_फिजिओ: पावसाळ्यातला ताप राहिला. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आणि हार्टसाठी साधी (कोटिंग नसलेली) अ‍ॅस्पिरिन असेल तर ती आधी, आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासाने. उलटं केलं तर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो.

घोडबंदरकर: एवढं ऐकून पेशंट गोळीच सोडतो आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीवर जातो. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. मग?

तुर्भे_ओपीडी: मग पाचवा प्रश्न वाढवा: पुडी चालू आहे का? स्टेरॉइडवर पेनकिलर पडली की अल्सरचा धोका आणखी चढतो. आणि पुडी बरेच दिवसांची असेल तर तीही एकदम बंद करू नका. ‘जेवून घ्या’मध्ये यातलं काय येतं, ते तुम्हीच सांगा.