फुटबॉल क्लबचे टोपणनाव ठेवावे की पडू द्यावे?

खाडीपलीकडचा (नेरुळ), धागाकर्ता

गेल्या रविवारी आमच्या सेक्टरातील मुलांच्या फुटबॉल संघाच्या पालकांची बैठक झाली. नव्या जर्सी शिवायला टाकायच्या आहेत, तेव्हा पाठीवर संघाचे टोपणनावही छापून घ्यावे असा विषय निघाला आणि चहा येईपर्यंत फळ्यावर ‘फ्लेमिंगो’, ‘शार्क’, ‘टायटन’ अशी अकरा नावे चढली. मी एकट्याने विरोध केला. त्या वेळी नीट मांडता आले नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

मराठीत बारशाला आत्या नाव ठेवते, शेजारीपाजारी नावे ठेवतात, पण टोपणनाव मात्र पडते. ते कोणी ठरावाने मंजूर करत नाही. ज्या क्लबांची टोपणनावे आज जगभर घेतली जातात, त्यांचे मूळ शोधू लागलो की बहुतेक वेळा एखादा कारखाना, एखादा धंदा किंवा एखादी वस्ती सापडते. १८८६ साली लंडनच्या वूलिच भागातील तोफखान्याच्या कामगारांनी संघ काढला, म्हणून आर्सेनल ‘गनर्स’ झाला. वेस्ट हॅमच्या ‘हॅमर्स’ या नावाचा संबंध अनेकांना क्लबच्या नावातील ‘हॅम’ या अक्षरांशी वाटतो. पण १८९५ साली तो संघ टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कंपनीच्या कामगारांचा म्हणून सुरू झाला आणि बोधचिन्हावरील एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे हे रिबिट ठोकणाऱ्यांचे आहेत. ती कंपनी १९१२ मध्ये बंद पडली, हातोडे मात्र अजून छातीवर आहेत. ल्यूटनमध्ये गवती टोप्या होत असत म्हणून तेथील संघ ‘हॅटर्स’, नॉर्दॅम्प्टनमध्ये जोडे होत असत म्हणून तेथील ‘कॉब्लर्स’. आपल्या मुंबईतही हे घडलेले आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडला वर्तमानपत्रे ‘जीपमेन’ म्हणत, आणि त्यामागचे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नसे.

याउलट मुंबई सिटी एफसीचे ‘आयलंडर्स’ पाहा. सात बेटांचे शहर म्हणून बेटकरी, हे तर्काने बरोबर आहे. परंतु २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन हंगामांत या बेटकऱ्यांचे घरचे मैदान होते आमचे नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, म्हणजे खाडी ओलांडून थेट मुख्य भूमीवर! १८ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याच्या संघाला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधील पहिली हॅट्ट्रिक केली, त्या संध्याकाळी मी गॅलरीत होतो. ‘मुंबई, मुंबई’ असा घोष कानठळ्या बसेपर्यंत ऐकला. माझ्या आसपास ‘आयलंडर्स’ असे मात्र एकाही गळ्यातून आले नाही. वरून ठेवलेल्या नावाचे हे असे होते, असे माझे मत आहे.

तलावपाळी (ठाणे)

आपण उदाहरणे सोयीची निवडली आहेत. ‘रेड डेव्हिल्स’ हे नाव तर सर्वांच्या ओळखीचे. ते कोणत्या गिरणीतून आले? मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी काढला, म्हणजे आपल्या सिद्धान्तानुसार त्याला इंजिनाचे किंवा रुळांचे नाव पडायला हवे होते. प्रत्यक्षात ‘लाल सैतान’ हे बिरुद शेजारच्या सॅल्फर्ड शहराच्या रग्बी संघाचे. १९३४ साली तो संघ फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला असता तेथील पत्रकारांनी त्याला ते दिले आणि १९६० च्या दशकात युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनी ते सरळ उचलले. ‘बस्बी बेब्स’ हे आधीचे नाव कोवळ्या मुलांचे होते, आणि १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात त्यांतील आठ खेळाडू गेल्यानंतर ते पुन्हा उच्चारणे जड झाले असेल, हे समजण्यासारखे आहे. व्यवस्थापकाने विचारपूर्वक ठेवलेले, तेही उसने नाव. आणि आज त्याला उसने म्हणण्याची कोणाची छाती नाही.

क्रिस्टल पॅलेसचे उदाहरण तर आपल्या मुद्द्याच्या अगदी उलट आहे. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या महालावरून क्लबचे नाव आले आणि त्यावरूनच त्यांना ‘ग्लेझियर्स’, म्हणजे काचा बसवणारे, म्हणत. आपल्याला हवे तसे, वस्तीतून आणि वस्तूतून आलेले नाव. १९७३ साली माल्कम ॲलिसन नावाचे प्रशिक्षक आले, त्यांनी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडे पाहून गरुड आणला, जर्सीचे रंगही बदलले, आणि पुढच्याच वर्षी संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. नाव टाकून द्यायला याहून चांगले निमित्त मिळाले नसते. तरीही पॅलेस आज ‘ईगल्स’ आहे आणि काचवाले कोणाला आठवतही नाहीत.

चेल्सीला एके काळी ‘पेन्शनर्स’ म्हणत, कारण जवळच निवृत्त सैनिकांचे निवासस्थान आहे. १९५२ मध्ये व्यवस्थापक टेड ड्रेक यांनी ते नाव हद्दपार केले आणि १९५५ साली संघाने लीग जिंकली. विजय नावामुळे मिळाला असे मी म्हणणार नाही. परंतु पडलेले नाव पुसले तर आभाळ कोसळते असेही नाही.

आता आपल्या खाडीविषयी. ठाणे शहराचा जुना भाग साष्टी बेटावर आहे. खाडी ओलांडून कळवा, मुंब्र्याकडे गेल्यावर मुख्य भूमी लागते. तेव्हा नौपाड्यात राहणारा मी भूगोलाने पक्का बेटकरी आहे, आणि नेरुळकरांनी ‘आयलंडर्स’ या नावाला हरकत घ्यावी यात थोडी असूया दिसते, असे नम्रपणे नमूद करतो.

जुना हाफबॅक (वाशी)

दोघांनीही तिसरा प्रकार सोडला, तो म्हणजे शिवीतून आलेली नावे. १९६६ च्या कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लब-स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट २-० असा पुढे असूनही उरुग्वेच्या पेन्यारोलकडून ४-२ हरला. मायदेशी परतल्यावर बानफिल्ड क्लबच्या प्रेक्षकांनी त्यांच्यासमोर मैदानात कोंबडी सोडली. तेव्हापासून रिव्हरला ‘कोंबड्या’ म्हणतात, आणि आता रिव्हरचे चाहते स्वतःच ते अभिमानाने गातात. बार्सिलोनाच्या पाठीराख्यांना ‘कुले’ म्हणतात, त्याचे कारण तर सभ्य भाषेत असे सांगावे लागेल की, जुन्या मैदानाच्या भिंतीवर ओळीने बसलेल्या प्रेक्षकांचा जो भाग रस्त्यावरून दिसत असे, त्याचे ते नाव आहे.

आमच्या संघाची हकिगत याच जातीची. नव्वदच्या दशकात वाशीला आम्ही काही नोकरदार तरुणांनी संघ काढला. कमिटीने नाव ठरवले ‘थंडरबोल्ट्स’, रबरी शिक्काही करून घेतला. पिवळ्या जर्सी स्वस्तात मिळाल्या, चड्ड्या पांढऱ्या. जुलैतल्या पहिल्याच सामन्याला मध्यंतरापूर्वी पाऊस कोसळला आणि जर्सीचा रंग सुटून ओघळ चड्डीवर, तेथून मांड्यांवर, तेथून मोज्यांत उतरला. रंग कच्चा आहे हे दुकानदाराने सांगितले नव्हते. आम्ही कॉर्नर घ्यायला गेलो की कठड्यावरून आरोळी येई, ‘हळद लागली रे, हळद लागली!’ आमच्या गोलकीपरचे लग्न खरोखरच पुढच्या आठवड्यात होते, त्यामुळे प्रकरण हाताबाहेर गेले. तो सामना आम्ही हरलो. त्यानंतर आम्ही सात वर्षे खेळलो, त्या सातही वर्षांत आम्हाला ‘हळदीवाले’ याशिवाय दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या वर्षापासून आम्हीच सामन्याआधी कपाळाला हळदीचे बोट लावू लागलो. शिक्का कोठे गेला देव जाणे.

एक ऐरोलीकर

हळदीची गोष्ट वाचून मीही हसलो, परंतु तिच्यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. चिडवणे जेथे बरोबरीच्या लोकांत होते तेथे ते गोड लागते, सर्वत्र नाही. रिओच्या फ्लामेंगो क्लबच्या पाठीराख्यांना प्रतिस्पर्धी ‘गिधाडे’ म्हणत, ते त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि गरीब लोक मोठ्या संख्येने होते म्हणून. १९६९ साली बोताफोगोविरुद्धच्या सामन्याला चाहत्यांनी माराकाना मैदानात खरेखुरे गिधाड, क्लबचा ध्वज बांधून, सोडले. तो सामना फ्लामेंगोने जिंकला आणि गिधाड त्यांचे झाले. ही विजयाची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण त्याआधी कित्येक वर्षे ते नाव ज्यांना झोंबले असेल, त्यांना कोणी विचारले नाही. ‘नाव पडते’ असे म्हणताना ते कोणाच्या तोंडून कोणावर पडते, हे पाहिले पाहिजे.

‘कॉब्लर्स’ हे उदाहरण धागाकर्त्यांनी सहज दिले आहे. ते मराठीत भाषांतरित करून एखाद्या संघाला मोठ्याने हाक मारून पाहावी. इंग्लंडमध्ये ते गावच्या धंद्याचे नाव राहते. आपल्याकडे धंद्याचे नाव हाकेत आले की त्यामागोमाग जात येते, आणि मैदानावरचे वातावरण क्षणात बदलते. आपल्या वाघमारे, डोईफोडे, टकले या आडनावांतही एके काळची टोपणनावे दडलेली आहेत. ती सगळी मूळ धन्यांनी हौसेने घेतली असतील असे मला वाटत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कठड्यावरच्या प्रेक्षकांच्या दयेवर सोडण्यापेक्षा पालकांनी बसून एक बरे नाव ठेवले, तर त्यात काय बिघडले?

परतलेली प्रवासी (घणसोली)

माझी नऊ वर्षे कोलकात्यात गेली, त्यामुळे तेथील एक उदाहरण देते. मोहन बागान हा १८८९ चा क्लब. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, आणि तेही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना. बोधचिन्हावर शिडाची नाव आहे, पाठीराखे स्वतःला ‘मरिनर्स’ म्हणवतात. तेथे हे नाव इंग्रजीत आहे म्हणून कोणाला परके वाटत नाही; सामन्याच्या दिवशी माझ्या घरमालकीणबाई सकाळी बाजारातून कोळंबी आणत, कारण मोहन बागानची कोळंबी आणि प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल क्लबचा हिलसा मासा हा हिशेब स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला आहे.

२०२० साली एटीके या क्लबशी विलीनीकरण झाले आणि ‘एटीके मोहन बागान’ असे नाव आले. पाठीराख्यांनी ती तीन अक्षरे काढण्यासाठी जवळजवळ तीन वर्षे निदर्शने केली आणि २०२३ मध्ये ती निघाली. ‘सुपर जायंट’ हे नवे शेपूट त्या जागी लागले, ही गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये हल सिटीच्या मालकांनी ‘टायगर्स’ हे लोकांचे लाडके टोपणनावच अधिकृत नावात घालून ‘हल टायगर्स’ करायचा प्रयत्न केला, तेव्हा ज्यांनी तो वाघ सांभाळला होता तेच पाठीराखे विरोधात उभे राहिले, आणि २०१४ साली फुटबॉल असोसिएशनने तो अर्ज फेटाळला. कार्डिफ सिटीचे टोपणनाव ‘ब्लूबर्ड्स’, म्हणजे निळे पक्षी. तेथे २०१२ मध्ये मालकांनी जर्सी लाल केली, आणि अडीच वर्षांनी निळ्यावर परतावे लागले.

म्हणून नाव कोणी ठेवले हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ‘नको’ म्हणण्याची सोय ज्यांना आहे त्यांनी ते चालवून घेतले का, इतकेच मी पाहीन. नेरुळच्या बैठकीत अकरा नावे पालकांची होती. मुलांना कोणी विचारले का?

खाडीपलीकडचा (नेरुळ), धागाकर्ता

विचारले नव्हते. काल संध्याकाळी सरावाच्या वेळी विचारले. चौदा मुलांपैकी नऊ जणांना ‘शार्क’ हवे आहे, दोघांना कोणतेही चालेल, उरलेले तिघे तोपर्यंत भेळ खायला गेले होते.

चेल्सीचे उदाहरण मला मान्य करावे लागते, क्रिस्टल पॅलेसचे तर अधिकच. ऐरोलीकरांनी ‘कॉब्लर्स’बद्दल लिहिले तेही बरोबर आहे, मी त्या बाजूने कधी पाहिलेच नव्हते. ‘आयलंडर्स’वर मात्र मी ठाम आहे, आणि त्यात असूया असली तर ती दोन हंगाम मैदान भाड्याने घेऊन अंधेरीला गेलेल्या पाहुण्यांबद्दलची समजावी. तरीही एक फरक राहतो. गरुड पॅलेसच्या माथी मारला गेला, पण त्यानंतर पन्नास वर्षे लोकांनी तो हाकेत वापरला, म्हणून तो त्यांचा झाला. आमची मुले पुढच्या जूनमध्ये वयोगट ओलांडतील. त्यांच्या पाठीवर ‘शार्क’ छापले तर ते हाकेत येण्याआधीच जर्सी आखूड होतील.

तलावपाळी (ठाणे)

‘फ्लेमिंगो’ सुचवणाऱ्यांची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो. आपल्या ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि नेरुळच्या पाणथळीवर ते हिवाळाभर दिसतात. मराठीत त्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. ‘नेरुळचे अग्निपंख’ हे ठेवलेले नाव असले तरी स्थानिक आहे, आणि ‘शार्क’पेक्षा तर निश्चितच जवळचे.

एक ऐरोलीकर

ते पक्षी पावसाच्या तोंडावर निघून जातात, आणि आपल्याकडचे मुलांचे फुटबॉल नेमके तेव्हा सुरू होते. एवढीच नोंद.

खाडीपलीकडचा (नेरुळ), धागाकर्ता

छपाईवाला गुरुवारपर्यंतच थांबणार आहे. बैठकीत एकमत होत नसल्यामुळे, पुढे छातीवर सेक्टरचे नाव आणि पाठीवर फक्त आकडे छापावेत, टोपणनावाची जागा मोकळी ठेवावी, असे मी त्याला कळवले आहे.

जुना हाफबॅक (वाशी)

पाठीवर फक्त आकडे घेऊन मुले मैदानात उतरली, तर कठड्यावरून पहिल्या पाच मिनिटांत ‘आकडेवाले आले’ अशी हाक येईल. नव्या पिढीला मटका ठाऊक नसेल, पण त्यांच्या आजोबांना आहे. बुधवारपर्यंत विचार बदलता येतो का, ते पाहा.