बॅलेचा पहिला वर्ग, वय ४१. काय तयारी करू?

चाळिशीपार:
मंडळी, सल्ला हवाय. येत्या शनिवारपासून मोठ्यांच्या, अगदी नवशिक्यांसाठीच्या बॅले वर्गाला जातेय. नाचाचा अनुभव शून्य. उभ्याने वाकलं की बोटं गुडघ्याच्या जरा खाली पोचतात, तिथेच थांबतात. वर्गाच्या सूचनेत 'अंगाबरोबरचे कपडे आणि मऊ बॅले शूज' एवढंच लिहिलंय. लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) घालायलाच हवा का? शूज कसे निवडायचे? आणि आठवडाभरात अंग थोडं लवचीक करता येईल का? बाकी सगळ्या विशीतल्या असतील ही धास्ती वेगळीच.

उंटाची_मान:
सक्ती नसेल तर लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे. ढगळ पँट मात्र नको, गुडघा कुठे चाललाय ते शिकवणाऱ्यांना दिसायला हवं. केस मानेवरून वर बांधा.
लवचीकपणाचं म्हणाल तर आठवड्यात काही होत नाही. त्या भरात मांडीमागचा स्नायू ओढून घेतलात तर शनिवार हुकेल. (माझा हुकला होता.)

शिवणटिपण:
शूजचं मी सांगते. नेहमीच्या चपलेच्या मापावर जाऊ नका, घालूनच बघा. पायमोज्यासारखे बसले पाहिजेत. बोटं आत सपाट राहावीत, मुडपता कामा नयेत आणि टाचेमागे कापड चिमटीत येता कामा नये. चामड्याचे वापरून सैलावतात, म्हणून सुरुवातीला घट्टच घ्या. कॅनव्हासचे बहुतेक धुता येतात.
पावलावरून जाणारं इलॅस्टिक बऱ्याचदा अर्धवट शिवलेलं असतं, उरलेलं आपण शिवायचं. टाचेचा भाग आत तळव्यावर दुमडा. दोन्ही बाजूंना घडीचा कोपरा जिथे पडतो तिथे टाका घाला. मात्र काठातून जी बारीक नाडी गेलेली असते तिच्यातून सुई जाऊ देऊ नका, नाहीतर नाडी ओढताच येत नाही. शूज घालून नाडी ओढा, गाठ मारा, टोकं आत खोचा. बाहेर फुलपाखरू ठेवलंत की नवी मुलगी आली हे खोलीभर कळतं. :)
आणि तळ अखंड घ्या, दुभागलेला (चवडा आणि टाच असे दोन वेगळे तुकडे असलेला) नको.

पावलोपावली:
अखंड तळाला असहमत. दुभागलेल्यात पावलाची कमान छान दिसते आणि पाऊल वाकतंही सहज.

शिवणटिपण:
सहज वाकतं हीच अडचण. अखंड तळ वाकवायला पावलाला जोर लावावा लागतो, नवशिकीला तोच हवा. कमान दिसायची घाई कशाला?

चाळिशीपार:
आणि ते अंगठ्यांच्या टोकावर उभं राहायचे शूज?

शिवणटिपण:
पॉइंट शूज. सध्या विसरा. पाऊल, घोटा आणि पाठपोट त्याजोगं व्हायला नियमित शिकून वर्षं जातात.

बारकावे:
कपड्यांचं झालं असेल तर उभं कुठे राहायचं ते सांगतो, कारण पहिल्या दिवशी सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. वर्ग बारपाशी, म्हणजे दांड्यापाशी सुरू होतो. टोकाची जागा घेऊ नका, मधली घ्या. डावा हात दांड्यावर ठेवून व्यायाम झाला की वळून तोच दुसऱ्या बाजूने करतात. टोकाला असाल तर एका बाजूला तुमच्यापुढे कुणीच नसतं आणि बघून करायची सोय संपते. दोघांच्या मध्ये असलात की दोन्हीकडून निभावतं. वळताना तोंड दांड्याकडे करून वळा. दांडा आवळून धरू नका, बोटं नुसती टेकवायची.
शब्द फ्रेंच असतात. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली, तिथल्या परंपरेतून आलेली ही भाषा. तीनच पाठ करून जा: प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं, तांद्यू म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत ताणणं, रलवे म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर येणं.
राहिलं टर्नआउट. पावलं बाहेर वळतात ती खुब्यातून. शेजारणीची पावलं एका रेषेत दिसली म्हणून स्वतःची ढकलू नका. पावलं वळवून किंचित वाकून बघा. गुडघे बोटांच्या दिशेने जात असतील तर ठीक. आत कलंडत असतील तर तुम्ही पावलं खुब्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वळवलीत. मग गुडघा भरपाई करतो आणि नंतर कुरकुरतो. जुनं दुखणं असेल तर शिकवणाऱ्यांना आधीच सांगा.

उंटाची_मान:
मधल्या जागेला +१०० 

चाळिशीपार:
जाऊन आले! मधली जागा पकडली, तरी एकदा दांड्याकडे पाठ करून वळले आणि मागच्या काकूंशी नाकासमोर नाक. त्या साठीच्या आहेत, सहा महिने येताहेत, म्हणाल्या "मी अजून वळते अशी". माझी पावलं जेमतेम घड्याळातल्या अकरा आणि एकवर जातात. बाई म्हणाल्या, तिथेच ठेवा. आज पोटऱ्या इतक्या धरल्यात की जिना उलटा उतरतेय. हे किती दिवस चालतं?

बारकावे:
दोन-तीन. पुढच्या वेळी रलवेनंतर पोटऱ्या ताणून घ्या. आणि नाडी खोचली होती ना?

चाळिशीपार:
एका पायाची. :(