मदत हवी आहे: पल्प मासिकांची मुखपृष्ठं स्कॅन करताना ठिपक्यांची जाळी कशी घालवायची?

1930 च्या दशकातल्या 'विअर्ड टेल्स'सारख्या अमेरिकन पल्प (स्वस्त, खरबरीत कागदावरच्या कथांच्या) मासिकांची मुखपृष्ठं स्कॅन करतोय. छपाई हाफटोन, म्हणजे शाईच्या बारीक ठिपक्यांच्या जाळीची; ती पिक्सेलच्या जाळीशी भिडून पडद्यावर मोआरेचे (लहरी नक्षीचे) पट्टे उमटतात.

सध्याची पद्धत: सीसीडी फ्लॅटबेड स्कॅनर, 1200 डीपीआय, प्रत्येक चॅनलला 16 बिट, टिफ फाइल. स्कॅनरमधलं डीस्क्रीन (ठिपके आपोआप घालवणारी सोय) आणि शार्पनिंग दोन्ही बंद. नंतर 2-3 पिक्सेलचा गॉशियन ब्लर, मग 300 डीपीआयपर्यंत लहान करणं. पट्टे जातात, पण चित्रकाराची सहीही विरघळते. 'विअर्ड टेल्स'च्या मुखपृष्ठ-चित्रकार मार्गारेट ब्रंडेज यांची चित्रं मुळात पेस्टलमधली. त्या खडूचा पोत छपाईत जेवढा उरलाय तेवढा तरी टिकायलाच हवा.

एफएफटी फिल्टरने, म्हणजे चित्राचं वारंवारतेच्या आलेखात रूपांतर करून तिथे दिसणारे जाळीचे ठळक बिंदू पुसणं जास्त योग्य वाटतं. अडचण अशी, की प्रत्येक शाईची जाळी वेगळ्या कोनात असते आणि आरजीबीच्या एकाच चॅनलमध्ये दोन-तीन शायांचे ठिपके मिसळतात. तुम्ही आरजीबी चॅनल वेगवेगळे घेता, की आधी सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या चॅनलमध्ये) नेता? काळ्या रेषेला धक्का न लावता बिंदूभोवतीचा मास्क (पुसायचा भाग) केवढा ठेवता?

दुसरं, कण्याजवळच्या पिनांमुळे मुखपृष्ठ काचेवर सपाट बसत नाही. झाकण दाबलं तर पानांच्या बाहेर आलेली ठिसूळ कड तुटते, म्हणून दाबायचं नाहीच. कॅमेरा आणि 45 अंशातले दोन दिवे वापरणाऱ्यांनी चकाकी कशी टाळली, तेही कृपया सविस्तर सांगा.